पळसदेवची सेंटर फॉरवर्ड

आम्ही जुन्या टीमच्या पोरी (पोरी म्हणजे आता सगळ्यांच्या डोळ्यांना चष्मे!) कुणाच्या लग्नाकार्यात भेटलो की पहिल्या दहा मिनिटांत सुनंदाचा विषय निघतोच. तिचे किस्से कुणी मुद्दाम जमवले नाहीत. खुंटीला अडकवलेल्या दोऱ्यांचा गुंता वाढत जावा, तसे ते आपोआप वाढले. एक ओढला की चार हातात येतात.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. बारामतीच्या आमच्या कॉलेजात खेळाच्या जाधवसरांनी मुलींची फुटबॉल टीम काढायचं ठरवलं. आम्ही सगळ्या खो-खोवाल्या. मी विचारलं, "सर, फुटबॉल म्हणजे कसं असतं?"

"खो-खोच समज. फक्त खाली बसायचं नाही!"

मग मलाच म्हणाले, "मंगल, पिंपळीला तुमच्याकडं कडब्याची गंज लावताना वर फेकलेल्या पेंढ्या कोण झेलतं?"

"मीच की."

"मग तू गोलकीपर!"

झाली निवड.

*

सुनंदा हॉस्टेलवर राहायची. गाव पळसदेव. घरी पूर्वी मेंढरं होती, नंतर उजनीच्या पाण्यावर शेती. तिच्या वडलांना आम्ही सगळ्याच तात्या म्हणायचो.

इंदापूरला मॅच होती, तेव्हा तात्या पहिल्यांदा बघायला आले. आयुष्यात फुटबॉल बघितलेला नाही. हाफटाइमपर्यंत नुसते बघत उभे. समोरची उंच डिफेंडर सुनंदाला हलू देत नव्हती. तात्यांनी लेकीला लाईनपाशी बोलावलं.

"तू कुठं बघतीस?"

"बॉलकडं."

"बॉलला काय अक्कल हाय? तिच्या पायाकडं बघ. मेंढरू पळायच्या आदी पाय टाकून सांगतं, कुठं जानार ते."

सेकंड हाफमध्ये सुनंदानं दोन गोल मारले! जाधवसर घाम पुसत आले. "तात्या, तुम्ही कोचिंग कुठं केलंत?"

"माळावर."

*

गावात कुजबुज सुरू झाली. पारावर एकानं तात्यांना गाठलंच. "तात्या, पोरगी अर्ध्या चड्डीवर पळती म्हणं?"

तात्यांनी गुडघ्याच्या वर खोचलेल्या आपल्या धोतराकडं बघितलं. "मी चाळीस वर्सं आसाच पळतोय. तवा न्हाय कुनी इचारलं!"

*

सगळंच असं हसण्यावारी गेलं नाही. राज्याच्या टीमची निवड पुण्यात होती, आणि नेमकी त्याच दिवशी सांगवीची मंडळी सुनंदाला बघायला येणार होती. चांगली बागायतदार माणसं, ऊस कारखान्याला. घरून निरोप आला, 'ये.' आदल्या रात्री ती जेवली नाही.

सकाळी आम्ही दोघी स्टँडवर गेलो. गावाकडची गाडी लागली होती. तिनं ती जाऊ दिली आणि पुण्याची पकडली. मीही तिच्यामागं चढले.

निवड झाली. पण घरी काय सांगायचं? धीर द्यायला मी तिच्याबरोबर पळसदेवला गेले. दिवस कलता कलता पोचलो, तर पाहुणे अजून बसलेले! तात्यांनी आपणच ओळखून त्यांना सांगून ठेवलं होतं, "मॅचला गेलीया. यील."

सुनंदा दारात उभी. गुडघे सोललेले, केसांत माती. मुलाच्या मामांनी तिला खालून वर बघितलं आणि म्हणाले, "पोरगी पसंत हाय. फकस्त खेळ सोडावा लागंल."

सुनंदानं तात्यांकडं बघितलं. मी जमिनीकडं.

तात्यांनी मामांपुढं कपबशी सरकवली. "च्या घ्या. निवतोय."

बस्स, एवढंच! चहा पिऊन मंडळी उठली. सुनंदा आत जाऊन रडायला लागली. मला वाटलं, सुटल्याचं रडू असेल. तर डोळे पुसत म्हणाली, "मंगल, पोरगा बरा व्हता गं!"

*

पुढं कलकत्त्याच्या एका क्लबनं तिला बोलावून घेतलं. खेळायचा पगार! हे आमच्या भागात कुणाच्या पचनीच पडेना. बाजारात तात्यांना एकानं विचारलं, "लेक कलकत्त्याला काय करती?"

"खेळती."

"ते झालं. पन खेळ झाल्यावं काय करती?"

"दमती."

तिचं मला पहिलं पत्र आलं त्यात लिहिलं होतं, "कोच बंगालीत ओरडतो. मला एक अक्षर कळत न्हाय. त्यामुळं माझा खेळ लई सुधारलाय!"

*

तीन सीझन झाले आणि तिचा उजवा गुडघा गेला. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, या पायानं आता किक नाही. ती घरी परत आली. क्लबचं पत्र आलं, ते तिनं फोडलंही नाही. पुढं ती आणखी दोन वर्षं खेळली, पण ते नंतर.

मी भेटायला गेले तेव्हा उन्हाळा होता. उजनी धरणाचं पाणी लांब सरकलेलं, एरवी पाण्यात बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडलेलं. सकाळीच तात्यांनी तिचा बॉल काखेत मारला. "चला गं पोरीनू."

देवळाच्या अलीकडं गाळाची सपाट जमीन होती. तात्यांनी एकीकडं काठी रोवली, दुसरीकडं डोक्याचा पटका ठेवला आणि मध्ये स्वतः उभे राहिले.

"मार."

"तात्या, डॉक्टर नको म्हनलेत."

"त्ये उजव्याला म्हनलेत. डावा कुठं दवाखान्यात गेलता?"

तिनं डाव्या पायानं बॉल ढकलला. तो रखडत तात्यांच्या पायाशी आला. त्यांनी वहाणेनं अडवून परत दिला. दुसरा तसाच. तिसरा, चौथा तसाच. सुनंदाचा चेहरा लाल व्हायला लागला.

"सरका बाजूला, तात्या."

तात्या सरकले नाहीत.

तिनं मारला. बॉल पटक्याला घासून गेला, दोन टप्पे पडले आणि थेट पाण्यात! तरंगत तरंगत आत जायला लागला. सुनंदा लंगडत पाण्याकडं निघाली.

तात्यांनी हात आडवा केला. वहाणा काढल्या.

"तू हितंच थांब. मारायचं तू बग, आनायचं मी बगतो."

आणि कमरेएवढ्या पाण्यात शिरले.