काळ्या खड्याचा गुण विचारू नये

आमच्या आक्काच्या दुकानात बसलं की किस्से शोधायला लागत नाहीत, ते आपणहून चप्पल काढून आत येतात. मी तिचा धाकटा भाऊ. रिटायर झालो, घरात कुणाला नको झालो, म्हणून तिथं बसतो.

आक्का तीस वर्षं कोल्हापुरात हायस्कूलला विज्ञान शिकवायची. आता खडे विकते. त्यातही मुख्य म्हणजे काळं टुर्मलीन, गुजरातेतल्या खंबातहून पॉलिश होऊन येतं, गुळगुळीत, चिंचोक्यागत. रेझिनच्या वस्तू करणाऱ्या पोरी नेतात, दागिनेवाले नेतात, आणि बाकीचे सगळे खिशात ठेवायला नेतात. दृष्ट लागू नये म्हणून.

इथंच घोडं पेंड खातं. आक्काचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. भिंतीवर पाटीच आहे, 'खड्याचा गुण विचारू नये.' आमचे दाजी म्हणाले, "खोटं न बोलता हा धंदा म्हणजे साखर न घालता बासुंदी." आक्का पेटली. म्हणाली, "ज्या दिवशी गिऱ्हाइकाशी एक शब्द खोटा बोलेन, त्या दिवशी दुकान बंद." आणि आक्काचा शब्द म्हणजे शब्द. दुसरीत असताना माझ्याशी वर्षभर अबोला धरलेली बाई आहे ती.

पहिल्याच आठवड्यात एक पावणं आलं. खडा उचलून विचारतंय, "हे काय करतंय?"

आक्का म्हणाली, "काही नाही. पडून राहतं."

"मग कशाला नेऊ? तसला एक घरात हाय की, थोरला." पावणं गेलं ते गेलंच.

मग आक्कानं ठरवलं, लोकांना खरं विज्ञान दाखवायचं. हा खडा तापवला की गार होताना बारीक राख ओढून घेतो. चहाच्या किटलीवर खडा तापवला, उदबत्तीची राख जवळ नेली, आणि राख चिकटली की! दहा माणसं जमली. आक्कानं अर्धा तास विद्युतभार समजावून सांगितला, फळ्यावर आकृती काढली. सगळे माना हलवत होते. शेवटी एका आजींनी पुढं होऊन खड्याला हळदकुंकू वाहिलं. आक्का त्या दिवशी जेवली नाही.

हुपरीचे अण्णा आमचे खडे चांदीत बसवून देतात. माणूस कसबी, पण जीभ सुटलेली. एका पोराला म्हणाले, "परीक्षेला हेच घालून जा." पोरगं गेल्यावर आक्का कडाडली, "अण्णा, माझ्या दुकानात खोटं?"

अण्णा शांतपणे म्हणाले, "पास होतोस असं कुठं म्हटलं मी? घालून जा म्हटलं. न घालता गेला तर चांदी कोण घेणार?"

आता सर्जेरावचं ऐका. कसबा बावड्याचा, आक्काचा जुना विद्यार्थी. त्याची म्हस म्हणजे त्याचा जीव. दिवाळीच्या पाडव्याला शिंगं रंगवून मिरवली, साऱ्या बावड्यानं बघितली, आणि नंतर दोन दिवस म्हस वैरणीला तोंड लावंना. सर्जेराव धावत दुकानात.

"बाई, दृष्ट लागलीया. चांगला मोठा खडा द्या, गळ्यात बांधतो."

"डॉक्टर बोलावलास?"

"डॉक्टर कशाला? आधी खडा बांधतो, चार दिवस बघतो." मग त्यानं टोपी काढली. "बाई, तुम्ही वर्गात कधी खोटं बोलला न्हाई. तुम्ही फक्त म्हणा, बरी हुईल."

आता आली का पंचाईत. नाही म्हटलं तर हा दुसरीकडून खडा आणणार. हो म्हटलं तर म्हस चार दिवसांत जाणार. आक्कानं पाटीकडं बघितलं, मग सर्जेरावकडं, आणि वर्गातल्या आवाजात म्हणाली, "हा खडा असा चालत नाही. डॉक्टरनं सुई मारल्यावर तासाभरात बांधायचा. त्याआधी बांधलास तर उलटतो."

सर्जेराव तिथूनच डॉक्टरला फोन लावत पळाला. म्हस वाचली.

दुसऱ्या दिवशी आक्कानं दुकान उघडलं ते आवरायलाच. मी हात जोडले, दाजींनीसुद्धा बासुंदीचं बोलणं मागं घेतलं. ऐकेल तर ती आक्का कसली. डोळे पुसत खडे खोक्यात भरत होती, मी सुतळी बांधत होतो. मला तर रडूच आलं, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात एक माणूस आत आला. बावड्याचा जनावरांचा डॉक्टर.

"सुई मारल्यावर चालतो तो खडा हवाय. डझनभर द्या."

आक्का ताडकन म्हणाली, "अहो, तसला खडा नसतो. मी खोटं बोलले."

"ते कळलं मला. पण सर्जेरावनं गावभर सांगितलं, आणि काल संध्याकाळपासून पाच जणांनी मला बोलावलं. तेही जनावर आजारी पडलं त्याच दिवशी."

"मग जनावर आजारी पडलं की लगेच बोलवा, असं सरळ सांगायचं लोकांना."

"पंधरा वर्षं तेच सांगतोय की, बाई."

आक्कानं हातातला खडा खोक्यात टाकायचा तो डॉक्टरच्या हातावर ठेवला. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "सोड ती सुतळी."