पडद्याच्या कोपऱ्यातली चौकट

पोलीस ठाण्यातला मुद्देमाल सांभाळणाऱ्या बाईंना सगळे शंकाताई म्हणत. कुलूप लावलं की त्या तीनदा ओढून बघायच्या. नवरा म्हणायचा, "हिनं लग्नातही माझं नाव दोनदा विचारून घेतलं होतं."

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना त्यांना सायबर तपासाच्या प्रशिक्षणाला धाडलं. डोळ्यांवर जाडजूड चष्मा चढवला की भोवती गुन्ह्याची खोलीच उभी राहायची. तिच्यात फिरून पुरावा कसा जपायचा, ते शिकायचं. पहिला धडा हा, की चालू कॉम्प्युटर बंद करायचा नाही. त्या घडीला आत जे चाललेलं असतं ते पुसलं जातं.

तिसऱ्या दिवशीची खोली शंकाताईंना खटकली. चिकटपट्टी लावलेला तो कीबोर्ड चार वर्षं त्यांच्याच कपाटात पडून होता. ऑफिसची माहिती चोरल्याच्या आरोपावरून नोकरी गेलेल्या एका तरुण कारकून बाईचा. आपला कॉम्प्युटर कोणीतरी लांबून चालवत होतं, असं ती जीव तोडून सांगत होती. पण ठाण्याच्या साहेबांनी पंचनाम्यात लिहिलं होतं : कॉम्प्युटर बंद स्थितीत मिळाला.

इथे तर तो चालू होता. शंकाताई वाकल्या. पडद्याच्या कोपऱ्यात इवलीशी चौकट : बाहेरून जोडणी सुरू. खाली जोडणाऱ्याचा क्रमांक.

हे पदरचं घातलंय का, असं त्यांनी शिकवणाऱ्याला विचारलं. जुन्या फोटोंवरून जसंच्या तसं केलंय, फक्त नावं काढलीत, असं तो म्हणाला. त्याच्यावरही त्यांचा विश्वास बसेना. अर्ज करून त्यांनी त्या केसची फाईल आपल्याच कपाटातून काढली आणि मूळ फोटो बघितले. चौकट तिथेही होती, आणि फोटोची वेळ पंचनाम्याच्या पाऊण तास आधीची.

साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं.

"चुकून बंद झाला असेल, ताई. कशाला उकरून काढता?"

"चुकून झाला असेल, तर तसं लिहायचं होतं, साहेब."

त्यांनी फोटो वरच्या कार्यालयात दिले, पोच घेतली. ठाण्यात लोक त्यांच्याशी तोलूनमापून बोलू लागले. सहा महिन्यांनी त्या क्रमांकाचा माग कारकून बाईच्याच वरिष्ठाच्या घरी पोचला. ती आरोपातून सुटली. साहेबांची बदली झाली. चूक होती की संगनमत, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

एक दिवस ती कारकून बाई वडिलांना घेऊन ठाण्यात आली. बसली नाही.

"हा फोटो चार वर्षं इथेच होता?"

"होता," शंकाताई म्हणाल्या. "साहेबांची सही बघितली आणि फाईल ठेवून दिली. मी."