फोटोतली जुनी मोटार

बाबा गेल्यानंतर वर्षभराने, २०१६ साली, त्यांच्या ट्रंकेत एक फोटो सापडला. बाबा एका उघड्या मोटारीच्या स्टिअरिंगवर आणि शेजारी नवी नवरी आई. बाबा वाणगावला रेल्वेत साध्या नोकरीत होते. मग ही मोटार त्यांना दिली कुणी? गोल दिवे आणि बाजूला टांगलेलं जादा चाक पाहून धाकटा भाऊ म्हणाला, इंग्लंडची. स्टिअरिंग डावीकडे होतं, म्हणून मी अमेरिकेची ठरवली. तो ऐकेना, तसं माझं डोकं सणकलं. कितीतरी संध्याकाळी आम्ही मोबाइलवर जुन्या मोटारी बघत भांडलो. झोपेत मात्र मला बाबा तीच मोटार चिकूच्या वाडीतून संथ चालवताना दिसत.

आई तलासरीला मावशीकडे गेली होती. परत आल्यावर तिने फोटो पाहिला आणि हसतच सुटली.

"अगं, ही प्लायवुडची! महालक्ष्मीच्या जत्रेत फोटोवाल्याने रंगवून उभी केली होती. मागे बाकडं, त्यावर बसायचं."

आम्ही दोघं पुन्हा फोटोवर वाकलो.

"हे म्हणाले, कुठे जायचं? मी म्हटलं, समुद्रावर." आईने फोटोवरून हळूच बोट फिरवलं. "फोटोवाला सारखा 'हलू नका' म्हणत होता, आणि आम्ही केव्हाच पोचलो होतो."