ड्रॉवरमधला चष्मा

माझे दीर चष्म्याची भिंगं घासतात आणि कथा लिहितात. पहिल्या कामात त्यांचा हात कोणी धरणार नाही. दुसऱ्या कामाचा विषय घरात आम्ही काढत नाही, कारण ते लगेच वाचून दाखवायला बसतात.

त्या शनिवारी मात्र वाचून दाखवायला काही नव्हतं. साप्ताहिकाच्या संपादकांनी दोनदा मुदत वाढवून दिली होती. आज बारापर्यंत कथा आली नाही तर पुन्हा पाठवूच नका, असा निरोप होता. वीस वर्षं सगळं साभार परत आल्यावर पहिल्यांदाच कोणी आपणहून कथा मागितली होती, आणि भावजी तीन आठवडे शेवटच्या पानावर अडून बसले होते.

कथा आईची, म्हणजे माझ्या सासूबाईंची. शेवटी म्हातारी सगळ्यांचे चेहरे डोळे भरून पाहते आणि शांतपणे डोळे मिटते. मी वाचलं आणि विचारलं, "भावजी, ही कुणाची आई?"

"म्हणूनच पुढं सरकत नाही." पेनाचं टोपण चावून चावून त्यांनी पार चोथा केला होता. "मी तिथं होतोच कुठं, वहिनी?"

सासूबाई गेल्यापासूनच्या चार वर्षांत त्यांनी हे एकदाही काढलं नव्हतं. त्या दिवशी मी दुकानात फोन केला, तेव्हा हातातला गिऱ्हाइकाचा चष्मा पुरा करून ते निघाले आणि दहा मिनिटं उशिरा पोचले. मीही कधी काही सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मला वाटायचं.

"मग विचारा ना," मी म्हटलं.

"शेवटी काय म्हणाली?"

"चष्मा मागितला."

त्यांनी मान खाली घातली. आईच्या चष्म्याची दांडी तुटली होती, आणि गावभराचे चष्मे करणाऱ्या मुलाच्या ड्रॉवरमध्ये तो आठवडाभर पडून होता. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

"मी माझाच घातला त्यांना. नंबर कुठला जुळायला! माझ्याकडे बघून म्हणाल्या, 'यातून तू जरा बरी दिसतेस गं.' मी हसले, त्याही हसल्या. मग थोड्या वेळानं गेल्या."

भावजींना हसू आलं आणि ते अर्धवटच राहिलं. त्यांनी ते पान फाडलं आणि लिहायला बसले. ड्रॉवर, दांडी, गिऱ्हाईक, माझा चष्मा, काही म्हणजे काही सोडलं नाही. मी ठेवलेला चहा गार झाला. शेवटची ओळ लिहून कागद घेतले आणि तसेच पळत सुटले.

परत आले ते दारातच थांबले. मला वाटलं, नाकारली.

"घेतली," ते म्हणाले. "बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. मी माफी मागायला लागलो. तर संपादक म्हणाले, अहो, दहा मिनिटांनी काय बिघडतं?"

आणि पन्नाशीचा हा माणूस दारातल्या पायरीवर बसून, चार वर्षांत पहिल्यांदा, आईसाठी रडला. मी शेजारी बसले आणि त्यांना रडू दिलं.