नावेची गाठ आडाच्या काठावर

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. त्या दुष्काळात चाकूरकडच्या आमच्या गावात आडाच्या तळाशी वाटीनं भरण्याइतकंच पाणी उरलं होतं. अंगानं हलकी म्हणून माझी चुलती कमरेला दोर बांधून खाली उतरायची. वर येईपर्यंत सरकफास तिच्या पोटात रुतलेला असायचा.

मी आमच्या घरातला पहिला बी.ए. नांदेडला कॉलेजात असताना गोदावरीत नाव चालवायला शिकलो आणि नावेच्या गाठीही. त्यातली एक कितीही ताण पडला तरी आवळत नाही. म्हणलं, आज ती मी मारतो.

वडील म्हणाले, "प्यायला पाणी न्हाई, अन् ह्यो नाव बांधायलाय."

"बांधू द्या की, भावजी," चुलती म्हणाली. "गाठ सुटली तर तोच उडी मारंल."

मी दोराला लहान वेढा घातला. टोक तिच्या कमरेभोवतून आणून वेढ्यातून वर काढलं, मूळ दोरामागून वळवून परत त्याच वेढ्यात खाली घातलं. आम्ही तिला भरल्या कळशीसकट वर ओढलं, तेव्हाही फास तसाच सैल होता.

दम खाऊन ती म्हणाली, "तू चाललास लातूरला नोकरीवर. मग मला कोण बांधंल? शिकव."

तिथंच शिकवली. आधी सुटत राहिली, मग बसली. तिनं मारलेल्या फासात बसून मी त्या दोराला लोंबकळून बघितलं.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच गाठ मारली, दोर वडलांच्या हाती दिला आणि उतरली. ती वर आली, तशी मी लातूरची गाडी धरली.