लाल्याला काय सोसत नाही

आमच्या भाऊजींइतका घासाघीस करणारा माणूस कारंजाच्या बाजारात झाला नाही, आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. धान्याची आडत, डोक्यावर काळी टोपी, खांद्यावर उपरणं, आणि सगळा कारभार त्या उपरण्याखाली. सत्तर सालानंतरच्या त्या दिवसांतही आमच्याकडचे जुने व्यापारी भाव तोंडाने बोलत नसत. उपरण्याखाली समोरच्याचा हात धरायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा, म्हणजे शेजारच्याला सुगावा लागत नाही. भाऊजींना ही सवय इतकी जडली होती, की न्हाव्यापुढे बसतानाही आधी त्यांचा हात पुढे जाई. ताईला बघायला आले तेव्हा पोहे संपल्यावर त्यांनी आमच्या बाबांचा हात उपरण्याखाली ओढला होता. बाबांचा चेहरा बघून म्हणाले, "नाई, मी नमस्कारच करून राह्यलो होतो."

अशा हिशेबी माणसाच्या गळ्यात लाल्या पडला. गोदामात पोत्यांमागे सापडलेलं तांबूस पिल्लू, जात गल्लीतली. भाऊजींनी त्याला थेट आपल्यासारखं जैन करून टाकलं. कांदा नाही, लसूण नाही, आणि सूर्यास्तानंतर घास नाही. संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर येऊन भाऊजी आधी सूर्य किती उरला ते बघत आणि मग हाक मारत, "लाल्या, दिवस बुडून राह्यला, जेवून घे बाप्पा." लाल्याही शहाण्यासारखा दूध-भाकरी खाऊन पोत्यांवर ताणून देई. रात्री उकिरड्यावर त्याचं काय चाले हे मी कधी विचारलं नाही. भाऊजींचा त्याच्या व्रतावर विश्वास होता, आणि दुसऱ्याच्या विश्वासात आपण कशाला नाक खुपसायचं.

तीन वर्षांचा झाला आणि लाल्याला खाज सुटली. कान रक्ताळले, पाठीवरचे केस गेले, रात्रंदिवस खरखर. कडुलिंबाचं पाणी झालं, गंधकाचं तेल झालं. गावातल्या जनावरांच्या डॉक्टराचा जन्म बैलांत गेलेला. त्याने हात टेकले आणि सांगितलं, "ही अॅलर्जी आहे. नागपूरला एक डॉक्टर टोचून बघतो, काय सोसत नाही ते कळतं. पण दीडशे रुपये घेतो." मी शाळामास्तर, माझा अर्धा पगार तो. ताई म्हणाली, "मले इतकी वर्सं शिंका येऊन राह्यल्या, मले कोनी नागपूर दाखवलं नाई." भाऊजी शांतपणे म्हणाले, "तुले सांगता तरी येते. त्याले कोन इचारते?"

एसटीच्या कंडक्टरने कुत्रा बघून दारच लावलं. शेवटी तुरीच्या ट्रकमध्ये पोत्यांवर बसून आम्ही तिघं नागपूरला गेलो. वाटभर लाल्या खाजवत होता आणि भाऊजी त्याचा पाय धरून बसले होते. डॉक्टराने बारा टोचण्यांची फी सांगितली. भाऊजींनी हातावर उपरणं टाकलं आणि तो हात त्याच्यापुढे धरला. डॉक्टर विलायतेत शिकलेला. त्याने उपरणं अलगद बाजूला केलं, मनगट धरलं, बोटं एकेक वाकवून पाहिली आणि म्हणाला, "हाताला काही झालेलं दिसत नाही. आणि मी माणसांना तपासत नाही." मी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग भाऊजी जन्मात पहिल्यांदा भाव तोंडाने बोलले, "बारा टोचण्याचे दीडशे, तर सहाचे किती?" पण लाल्याला टेबलावर आडवं करून कुशीवरचे केस भादरले तेव्हा त्याने मान वळवून भाऊजींकडे पाहिलं. "बाराच्या बारा टोचा," भाऊजी म्हणाले, "पैसे पुरे घ्या, फक्त सुई बारकी घ्या."

पाव तासाने एकाच ठिकाणी रुपयाएवढी गांध उठली. धान्याची धूळ. डॉक्टर म्हणाला, "धान्यापासून लांब ठेवा, कुत्रा बरा होईल. धान्यात वावरणाऱ्या माणसापासूनही. दुसऱ्या कुणाला देऊन टाकलात तर उत्तम." भाऊजींनी स्वतःच्या धोतराकडे, बाह्यांकडे पाहिलं. "म्हंजे माह्यापासून," ते म्हणाले. परतीच्या वाटेवर त्यांनी लाल्याला हात लावला नाही. मला फार वाईट वाटलं.

लाल्याला त्यांनी दिलं मात्र नाही. तो घराच्या मागच्या अंगणात राहू लागला. भाऊजी दुकानातून आले की मागच्या दाराने विहिरीवर जात, डोक्यावरून अंघोळ करत, आणि मंदिरात अभिषेकाला नेसतात तसं धुतलेलं सोवळं नेसून मगच त्याच्याजवळ बसत. सकाळची अंघोळ देवाची, संध्याकाळची कुत्र्याची. मंदिरात कुजबुज झाली. एका वडीलधाऱ्यांनी तोंडावरच विचारलं, तेव्हा भाऊजी म्हणाले, "देवाले धूळ लागली तर तो खाजवत नाई बसत." महिनाभरात लाल्याच्या पाठीवर केस आले. थंडीवाऱ्यातही भाऊजींची ती अंघोळ सात वर्षांत एकदाही चुकली नाही.

लाल्या म्हातारा होऊन गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी भेटायला गेलो, तर भाऊजी विहिरीवर अंघोळ करून, सोवळं नेसून अंगणाच्या पायरीवर बसलेले. उन्हं उतरली होती, ताईने ताट आणून ठेवलं होतं. मला राहवलं नाही. म्हटलं, "भाऊजी, आज कशाला अंघोळ केली?"

"इसरलो मास्तर," ते म्हणाले. "आता माह्या धुळीचा कोनालेच तरास नाई."