पोच नसलेली बाई

नीलमच्या मिस्टरांचा फोन आला, तेव्हा मी शांती नगरातल्या झेरॉक्सच्या दुकानात तिच्याच पत्राच्या दोन प्रती काढत होते. एक शाळेला द्यायची, दुसरीवर पोच घ्यायची. पत्र तिनं दवाखान्यातून सही करून पाठवलं होतं. साधा ताप म्हणून गेलेली बाई तीन दिवसांत संपली... दुकानदार विचारत होता, "मॅडम, और कुछ?"

दीड महिना झाला. गेलेल्या माणसाबद्दल शांत मनानं लिहावं म्हणतात. माझं मन शांत नाही आणि मला ते करायचंही नाही.

तिची ईशा आणि माझी मानसी एकाच वर्गात होत्या. ईशाचे हात जन्मापासून थरथरतात, डोकं मात्र तल्लख. मानसीला सगळं उशिरा उमगतं. मुली चौथीत असताना मुख्याध्यापिकाबाईंनी आम्हा दोघींना आत बोलावलं, चहा पाजला आणि टाइप केलेले दोन अर्ज पुढे सरकवले. ‘मी माझ्या पाल्यास स्वखुशीने शाळेतून काढत आहे.’ मी सही केली. नीलमनं तो अर्ज दोनदा वाचला.

"मी खूश नाहीये, मॅडम. तुम्हाला काढायचं असेल तर तुम्ही तसं लिहून द्या."

बाई कशाला लिहून देतील? अशा मुलांना शाळेतून काढता येत नाही, हा कायदा त्यांनाही ठाऊक होता. ईशा आज नववीत आहे, मानसी तेव्हापासून घरी. त्या सहीबद्दल मी बाईंना माफ केलेलं नाही, आणि स्वतःलाही.

पुढची पाच वर्षं नीलम पत्रं देत राहिली. वर्ग तळमजल्यावर हवा, पेपरला जादा वेळ हवा, लेखनिक हवा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही मिळाल्याशिवाय ती ऑफिसच्या खिडकीवरून हलायची नाही. क्लार्क जेवायला गेला, तर तो जेवून येईपर्यंत उभी. म्हणायची, रोज सकाळी ईशाच्या बोटांचा व्यायाम घेते ना, तसंच हेही माझं कामच आहे. स्टाफरूममध्ये तिला ‘पोच नसलेली बाई’ म्हणायचे. हे कळल्यावर ती पोट धरून हसली होती. "मला पोच नाही? अगं, फाइल भरून आहे माझ्याकडे!"

बाराव्याला मुख्याध्यापिकाबाई नीलमच्या घरी आल्या. फोटोला हार घातला, डोळे पुसले, अशी आई होणे नाही म्हणाल्या. मग नीलमच्या मिस्टरांशेजारी बसून हळूच बोलू लागल्या. तुमची शिफ्टची नोकरी, आता ईशाचं कोण बघणार, घरी राहिली तर तिलाच बरं पडेल... आणि पर्समधून कागद काढला. तोच अर्ज. पाच वर्षांत एक शब्द बदलला नव्हता. ते बिचारे खिशात पेन चाचपू लागले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तो कागद काढून घेतला आणि मी त्या दिवशी झेरॉक्स करून नीलमच्या फाइलीत लावलेलं, लेखनिक मागणारं पत्र बाईंसमोर ठेवलं.

"नीलमचं शेवटचं पत्र आहे, मॅडम. पोच द्या."

"आत्ता? इथे?"

"इथेच."

भरल्या घरात, हार घातलेल्या फोटोसमोर त्यांनी सही केली. त्यांचा हात थरथरत होता आणि ईशा ते एकटक बघत होती. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

फाइल आता माझ्या घरी, फ्रिजवर असते. बाईंचा तो कोरा ‘स्वखुशी’चा अर्ज मी परत दिलेला नाही. पुढचं पत्र माझं आहे, मानसीला परत घ्या म्हणून. उद्या तिलाच सोबत घेऊन खिडकीवर जाणार आहे. दोन प्रती काढल्यात.